नवरी नावाचा ऊस

दिग्रसला आमच्या गल्लीत नवी सून आली की महिन्याभरात मला विचारतेच, "मावशी, तुम्ही कशात होता?" शेतकी संशोधनात, असं सांगितलं की ती कपाशीच्या बोंडअळीवर औषध विचारते. उसाच्या संशोधनात, असं सांगितलं की हसते. यवतमाळ जिल्ह्यात ऊस? कापूस, तूर, सोयाबीन यांच्यापलीकडे इथे काही उगवतं, यावर आपल्याच माणसांचा विश्वास नसतो. घाटंजीचे माझे मामा तर शेवटपर्यंत "आमची भाची साखर कारखान्यात लागली" असंच सांगत राहिले. म्हणून हल्ली मी सरळ सांगते, "मी ऊस नाकारायचे."

नोकरीभर तेच केलं. ढिगाने ऊस बघायचा, मोजायचा, चाखायचा आणि नको म्हणायचं. मी निवडलेला एकही ऊस वाण म्हणून शेतकऱ्याच्या शेतात पोचला नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कोणाची निराशा नको. आमच्या धंद्यात ही लाजेची गोष्ट नाही. बरेच जण उमेद न सोडता नाकारत नाकारत निवृत्त होतात. पण एक ऊस नाकारला गेला ते मात्र मला कधीच पटलं नाही. त्याच्यासाठी जीव तुटायचा, अजूनही तुटतो. इतकी शेतं पाहिली, पण डोळे मिटले की तीच एक ओळ दिसते.

आमचं केंद्र पैनगंगेच्या काठच्या पट्ट्यात होतं, पुसदहून उमरखेडकडे जाताना. केंद्र कसलं, दोन खोल्या, एक पंप, एक कडुनिंब आणि सभोवार ऊस. तिथले प्रमुख म्हणजे आमचे सर. माणूस उंच, बोलणं कमी आणि पायात बाराही महिने गमबूट. मी एकटी अधिकारी बाई. बाकी सगळं काम जवळच्या बंजारा तांड्यावरच्या बाया करायच्या, त्यांची मुकादम जमनाबाई. आपसात त्या गोरबोलीत बोलायच्या आणि माझ्याशी वऱ्हाडीत, त्यामुळे माझी थट्टा कधी चालली आहे ते मला भाषा बदलली की बरोबर कळायचं.

आता कामाबद्दल. शेतकरी ऊस लावतो तो कांडीने. कांडीवर डोळा असतो, डोळ्यातून कोंब फुटतो आणि आला तो ऊस हुबेहूब आधीचाच. मुलगी नव्हे, तीच ती. त्यामुळे शेतकऱ्याच्या शेतात एका वाणाचा सगळा ऊस सारखा असतो. पण सारख्यातून निवडणार काय? नवा वाण हवा तर उसाला तुरा यावा लागतो, त्यात बी धरावं लागतं. आपल्याकडे तुरा आला तरी बी धरत नाही. ते दक्षिणेकडून यायचं, पिशवीत, सावरीच्या कापसासारखं हलकं. पंखा सुरू असताना पिशवी उघडली म्हणून एकदा सरांनी दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

त्या बियांतून जी रोपं येतात ती सगळी एका आईबापाची आणि एकासारखी दुसरी नाही. एक जाड, एक काडीसारखं. एक गोड, एक मचूळ. एकाला फुटवे खूप, एक सोट. एका घरातली भावंडं बघा ना. बाहेरचा माणूस अशा वाफ्याला गबाळं शेत म्हणेल. आम्हाला तीच श्रीमंती. पुस्तकात त्याला आनुवंशिक विविधता म्हणतात. वाफा जितका गबाळा तितकी निवडायला जागा जास्त.

खरी गोची पुढे आहे. समोर एक बेट, म्हणजे एका रोपाच्या फुटव्यांचा झुपका, जोमात उभं आहे. तो जोम त्याच्या रक्तातला, की ते उभं आहे त्या जागेचा? हे ज्याला ओळखता आलं तो पैदासकार. नवखा माणूस पहिल्या वर्षी हमखास पाटाच्या कडेचं बेट निवडतो. तिथे पाणी जास्त, ऊन जास्त, शेजाऱ्याची अडचण नाही, म्हणून ते फुगलेलं असतं. दुसऱ्या वर्षी त्याच्याच कांड्या शेताच्या मध्ये लावल्या की वेताच्या छडीसारख्या निघतात. मीही निवडलं होतं. सर म्हणाले, "तू ऊस नाही निवडलास, पाटाचं पाणी निवडलंस."

कुठला गुण रक्ताचा आणि कुठला जागेचा, याचा हिशेब म्हणजे अनुवंश. गोडी बरीचशी रक्तातली. उसाला चांगली जमीन द्या, वाईट द्या, तो आपल्या गोडीला फारसा सोडत नाही. डोळ्याचा आकार, पेराचा रंग, पानाच्या देठावरची कूस, हे तर जन्माचंच. वजन मात्र मोठं लबाड. ते जमिनीचं ऐकतं, पाण्याचं ऐकतं, खताचं ऐकतं आणि उरलं तर आईबापाचं. म्हणून वजनाची परीक्षा घ्यायची तर तोच ऊस शेतात वेगवेगळ्या ठिकाणी लावून बघायचा, म्हणजे जागेचा वाटा वजा करता येतो. कारखान्याला आणि शेतकऱ्याला मात्र आधी वजनच हवं असतं.

त्या वर्षीच्या रोपांमध्ये शेताच्या ऐन मध्ये, गर्दीत दबलेलं एक बेट होतं. अंगाने बारीक. पाचट सोललं की पेर हळद लावल्यासारखं पिवळं, आणि उन्हात दोन दिवस राहिलं की त्यावर जांभळट लाली चढायची. कांड्यांच्या जोडावर पांढऱ्या मेणाचं कडं. डोळा लांबट, टोकदार, त्याच्या वर पेरात एक खोल चीर. आणि कूस अजिबात नाही. ज्यांनी ऊस सोलला नाही त्यांना कूस काय ते कळायचं नाही. देठावरचे ते बारीक केस हातात घुसतात आणि रात्रभर खाजवत बसावं लागतं. ह्या बेटाला हात लावल्यावर जमनाबाईने मोठ्याने हाक मारली.

"बाई, इकडं या. ही पाहा. हाताले टोचत नाई. अंगाले हळद लावून उभी हाय नवरीवानी."

मी दाभणाने मधल्या पेराला भोक पाडलं, रसाचा थेंब ब्रिक्समीटरच्या काचेवर घेतला, झाकण लावून उजेडाकडे धरलं. त्या नळीतून बघितलं की आत आकड्यांची पट्टी दिसते आणि निळी सावली जिथे संपते ती उसाची गोडी. कार्तिक नुकताच लागला होता. बाकीचे ऊस अजून कच्चे होते आणि हिची सावली पार वर जाऊन बसलेली. मी काच पुसून पुन्हा बघितलं. मग दुसऱ्या उसाचा थेंब घेतला. तेच. लवकर पिकणारा, इतका गोड ऊस मिळावा म्हणून कारखाने देव पाण्यात घालून बसतात, कारण गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि तेव्हा नेमका गोड ऊस नसतो. मी सरांना बोलवायला अक्षरशः धावत गेले. त्यांनीही नळीतून पाहिलं. मग गमबूट काढून बेटाजवळ मांडी घालून बसले. एवढा आनंद त्यांनी त्याआधी कधी दाखवला नव्हता.

पुढच्या पायरीला अडलं. बारीक बेटाच्या कांड्या किती निघणार? ठिकठिकाणी लावून बघण्याइतकं बेणं नव्हतं. एकाच तुकड्यापुरतं होतं आणि त्या वर्षी जो तुकडा वाट्याला आला तो खालच्या अंगाचा, चोपण. चोपण म्हणजे पाणी न जिरणारी, वर पांढरी पापुद्री धरणारी जमीन. नवरी तिथे उगवली, गोड झाली, पण वजनात शेजारी तुलनेसाठी लावलेल्या प्रमाण वाणाच्या कितीतरी मागे पडली. नियम असा की वजनात मागे पडलेला ऊस पुढे जात नाही.

मी सरांशी भांडले. "सर, हे चोपणाचं वजन आहे, हिचं नाही. पाटाच्या कडेच्या बेटाला आपण पाण्याचं म्हणून सोडून देतो, मग हिला खालच्या जमिनीचं म्हणून सवलत का नको?"

सर म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण तुझं बरोबर आहे हे सिद्ध करायला आपल्याकडे आणखी एक तुकडा नाही, आणि पुढच्या वर्षीची नवी रोपं दारात उभी आहेत. प्रत्येकाची एक लाडकी ठेवत गेलो तर शेत लाडक्यांनीच भरेल." त्यांचं चुकत नव्हतं. त्याचाच त्रास जास्त व्हायचा. माझा चेहरा बघून शेवटी ते म्हणाले, "कुंपणाकडेला एक ओळ लाव. नुसती जिवंत ठेव."

ऊस जिवंत ठेवायचा म्हणजे दर वर्षी कोणीतरी आठवणीने लावायचा. बेणं धान्यासारखं साठवून कपाटात ठेवता येत नाही. कोणी लावला तर आहे, एका हंगामात विसरला तर गेला. मी कधी विसरले नाही.

आणि मग सुरू झाले नवरीचे दाखवायचे कार्यक्रम. केंद्रावर कोणीही पाहुणा आला की मी त्याला फिरवत फिरवत कुंपणाकडे न्यायचे. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याने ऊस चाखला, डोळे मिटले, म्हणाला, "वा! पण अंगाने फारच बारीक हो." पुसदच्या बसस्टँडवरचा रसवंतीवाला म्हणाला, "चरकात टाकली का चोथाच निंगते, रस कुठं हाय?" एका शेतकऱ्याने पानावरून हात फिरवला आणि मान हलवली. "कूस नाई म्हणजे डुकराले मेजवानीच. मॅडम, मले काटेवाली पायजे, जरा तोंडाळ." गुऱ्हाळवाले बाबाराव दर वर्षी आमचा टाकाऊ ऊस गाळायला न्यायचे. तेवढे एक हिच्यावर खूश होते. हिच्या रसाचा गूळ सोन्यासारखा उतरतो म्हणायचे. लावता का शेतात, विचारलं तर म्हणायचे, "पोरगी झ्याक हाय, पण आमच्या घरात खाणारे लय अन् हिच्यानं भागणार नाई."

पाहुणे गेले की बाया गोरबोलीत काहीतरी बोलून हसायच्या. एकदा जमनाबाईने मराठीत सांगूनच टाकलं, "बाई, या साऱ्या म्हणून राह्यल्या, तुमची अन् नवरीची पत्रिका एकच."

खरंच होतं. मलाही दोनदा दाखवून झालं होतं. रंग, अंगलट आणि आडगावची नोकरी, तिन्ही गोष्टी पाहुण्यांना जड गेल्या होत्या. वडील कचेरीत हेडक्लार्क, मानी माणूस. तिसऱ्यांदा त्यांनी पोहे करू दिले नाहीत. मला त्याचं दुःख झालं नाही असं नाही, झालं होतं. पण मला उसात सुख होतं आणि त्या बायांत. दुपारी कडुनिंबाखाली सगळ्या डबे उघडायच्या, माझ्या पोळीवर जमनाबाई तिच्या भाकरीचा तुकडा आणि लाल ठेचा ठेवायची, आणि जेवण झाल्यावर हात पुसत आम्ही नवरीचा एकेक कांडका दाताने सोलायचो. तसं जेवण पुढे कुठे झालं नाही. आता एकटीसाठी कुकर लावते तेव्हा त्या दुपारी फार आठवतात.

सरांची बदली झाली. दोन हंगामांनी केंद्र बंद करायचा हुकूम आला. चांगले नोंदलेले ऊस मोठ्या केंद्रावर हलवायचे होते, नाकारलेले नाहीत. नवरी नाकारलेल्यांत. शेवटच्या दिवशी बाबारावांच्या बैलगाड्या आल्या, सगळा टाकाऊ ऊस गुऱ्हाळावर गेला. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, नेहमीप्रमाणे बायांनी बैलांसाठी बांधून घेतले. वाढ्यालाही डोळे असतात, म्हणून ते लावायचे नाहीत, हा आमचा कडक दंडक. न तपासलेला ऊस गावात पसरायला नको. तो मी दर वर्षी बजावायचे तसा त्या दिवशीही बजावला. नवरीचं थोडं बेणं मात्र मी पिशवीत घातलं, मांडीवर घेऊन एसटीने दिग्रसला आले आणि परसात लावलं. पावसाआधीच त्याला वाळवी लागली. माती उकरली तर आत नुसती पोकळ साल. त्या दिवशी मी आईसमोर हमसून रडले. तिला कळेना की माणूस गेल्यासारखं काय झालं.

मग बदल्या झाल्या, दुसऱ्या पिकांवर कामं केली, निवृत्त झाले. उसाच्या शेतावरून एसटी गेली की खिडकीतून मान बाहेर निघायचीच. कुठे तरी लाली दिसेल म्हणून.

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी दिग्रसच्या बाजारात मांडवाचे ऊस घ्यायला गेले. एका बाईपुढे ऊस रचले होते. जांभळट लाल, जोडावर पांढरं कडं. पण जाड, चांगले मनगटाएवढे. नवरी अशी नव्हती, म्हणून मी पुढे गेले. चार पावलांवर पाय थांबले. परत येऊन एक ऊस उचलला, देठावरून तळवा उलटा फिरवला. टोचलं नाही. डोळा बघितला. लांबट, टोकदार आणि वर ती चीर.

"हे कुठून आणले गं?"

"तांड्यावरून. उमरखेडच्या अंगाले. जमनाबुडीच्या घरचे हायत."

घरी येऊन माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीला फोन लावला. ती आता दुसऱ्या जिल्ह्यात ऊस केंद्रावर आहे. सगळं ऐकून ती म्हणाली, "मॅडम, बेणं आणा. तीन वेगळ्या जमिनींत लावते, चांगल्यात, मध्यमात आणि चोपणात." जे मी सरांकडे मागितलं होतं तेच. फोन ठेवल्यावर मला भीती वाटायला लागली. इतका जाड ऊस पाण्यावर पोसलेला असणार, आणि तसा ऊस पुष्कळदा फिका निघतो. गोडीच राहिली नसेल तर मागायचं कशाच्या जोरावर? बाजारातल्या उसावर ते ठरत नव्हतं, कारण तोडून पडलेला ऊस सुकतो आणि आकडा खोटा चढवतो.

तुळशीचं लग्न लावून दुसऱ्या दिवशी मी निघाले. पर्समध्ये माझं स्वतःचं ब्रिक्समीटर आणि दाभण. पुसदला एसटी बदलली, फाट्यावर ऑटो केला.

जमनाबाई ओट्यावर तूर निवडत होती. केस पांढरे, हातांत अजून कोपरापर्यंत बांगड्या. मला पाहून उठताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "ऊसवाल्या बाई! वाट चुकल्या काय व?" म्हणत तिने माझे दोन्ही हात धरले. पाणी झालं, चहा झाला. तिच्या सुनेने गूळ ठेवला. मुलगा ऊसतोडीला सांगलीकडे गेला होता. मग मी विचारलं.

"वाढे लावू नका म्हणलं होतं ना मी?"

"मी नाई लावले. बैलापुढं टाकले होते. त्यानं सोडले, न्हाणीपाशी फेकले, अन् मंग तिथं आपल्या मनानंच फुटले." ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली. "खोटं बोलून राह्यलो, बाई. लावले. काहून नाई लावणार? इतके साल हातानं सोलली. तुमी नाकारली म्हणून मी गाळू देऊ काय?"

मागे न्हाणीच्या पाण्याला लागून बेट उभं होतं. दर वर्षी तोडायचं, तुळशीच्या लग्नाला गावभर ऊस वाटायचे, उरले तर विकायचे आणि जमिनीत राहिलेल्या खोडव्यातून ते पुन्हा यायचं. तोडून झाल्यावरही थोडे ऊस बाकी होते. जाड, भरदार, अंगावर लाली. मी बघतच राहिले. बारीक म्हणून जिला सगळ्यांनी परत पाठवलं ती ही. मग माझ्यातली सरांची विद्यार्थिनी जागी झाली. एक बेट, न्हाणीचं पाणी, कडेची जागा. ह्या जाडीवरून काही सिद्ध होत नाही. पण मग चोपणावरच्या त्या बारकेपणावरून तरी काय सिद्ध झालं होतं?

मी दाभण काढलं. जमनाबाईने ऊस धरला. थेंब काचेवर घेतला, झाकण लावलं, उजेडाकडे धरलं. कार्तिकच होता. निळी सावली वर गेली आणि त्या पहिल्या दिवशी जिथे थांबली होती तिथेच थांबली. मी नळी डोळ्याला लावूनच उभी राहिले, कारण खाली घेतली असती तर डोळे दिसले असते. तरी तिला कळलंच.

"कायले रडून राह्यल्या बाई? गोडी कमी झाली काय?"

"नाही गं. तेवढीच आहे."

 ती आत जाऊन विळा घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं, त्या मुलीचं, तीन जमिनींचं, परत सगळं मोजतील, तोलतील, नियमाने बघतील, आणि तिथेही नाकारली जाऊ शकते, हेही सांगितलं. तिने ऐकत ऐकत ऊस तोडले, चांगल्या डोळ्यांच्या कांड्या केल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि वरून सुतळी आवळली. फाट्यापर्यंत मला सोडायला आली. ऑटो निघताना तिने गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं, पण हात काही काढला नाही.

"न्या. पण तिथल्यायनं नको म्हणलं तं गाळू देऊ नका," ती म्हणाली. "मले फोन करजा. मी घ्यायले येतो."